मुखरूच्या ढिगावर बसलेला माणूस

१

भेंडाळटोल्याच्या देवाजीला कोणी मारलं, हे कोडं मुळात कोणाला पडलंच नव्हतं. पूस महिन्यातल्या एका सकाळी, धुकं अजून झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळत असताना, लटारू रिकाम्या हातांनी धावत गावात शिरला आणि चावडीपुढे मटकन खाली बसला.

"मुखरू बसून होता," तो म्हणाला. "मी त्याले मारलो."

मुखरू दोन वर्षांपूर्वी वाघाच्या तोंडी गेलेला. मेलेल्याला पुन्हा मारलं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे गावाला कळेना. शेवटी कोतवाल झिंगू आणखी दोघांना घेऊन मूल गावाकडच्या जंगलवाटेनं निघाला. मुखरूला वाघानं जिथं धरलं तिथं त्या मुलखाच्या रिवाजानं फांद्यांचा ढीग रचलेला होता. वाटेनं जाणाऱ्यानं त्यावर एक फांदी टाकायची, तीही आपल्या घरच्या हद्दीतली. टाकली नाही, तर वाघानं नेलेला माणूस पाठोपाठ घरी येतो म्हणतात. म्हणून गावातला माणूस त्या वाटेला लागताना चप्पल विसरेल, पण फांदी विसरायचा नाही.

त्या ढिगावर, धुक्यात, घोंगडी पांघरून देवाजी बसला होता. मानेत लटारूची कुऱ्हाड रुतलेली, आणि तरी तो बसलेलाच होता. झिंगूनं त्याला उचलून बैलबंडीत आडवा केला, तेव्हाही त्याचे गुडघे दुमडलेलेच राहिले. बंडी गावात आली तेव्हा देवाजी कुशीवर बसल्यासारखा दिसत होता आणि बायांनी पोरांचे डोळे झाकले.

मुखरूनं त्याला ढिगावर धरून ठेवला, एवढंच गाव बोललं. पोलिसांना तर तेवढंही बोलायची गरज वाटली नाही. मारणारा हजर, हत्यार हजर, कबुली हजर. चांद्याचे वकील यादवराव मामिडवार म्हणत, त्याप्रमाणे हे ताट वाढून आलेलं होतं.

२

यादवरावांकडे हे ताट घेऊन आले ते भेंडाळटोल्याचे गुणवंतराव. साठीकडे झुकलेला भारदस्त माणूस, मूलच्या धानगिरणीत भागीदार, लाकडाचे ठेकेही घ्यायचा. लटारू त्यांच्याकडे कामाला होता.

"वकीलसाहेब, गरीब माणूस आहे. सुटला पाहिजे," गुणवंतराव म्हणाले. "तिकडं सिरोंच्याच्या बाजूले एकानं भूत समजून माणूस मारला, त्याले सरकारनं सोडून देल्लं म्हणतात. तसंच करा. फीची फिकीर करू नका."

यादवराव खूश झाले. सुस्वभावी, थोडे आरामप्रिय आणि आपल्या वकिलीवर बेहद्द फिदा असलेले गृहस्थ ते. असा खटला आयुष्यात एखादाच हाती लागतो. दुसऱ्याच दिवशी ते तुरुंगात लटारूपुढे बसले आणि त्याला कायदा समजावू लागले.

"हे बघ, कोर्टात दोन उत्तरं असतात. एक 'नाही'. मी केलंच नाही. मग तू केलंस हे सरकारनं सिद्ध करायचं. दुसरं उत्तर 'हो, पण'. हो, मी घाव घातला, पण भूत आहे असं प्रामाणिकपणे समजून घातला. वस्तुस्थितीची चूक झाली, म्हणून गुन्हा नाही. यात 'हो' आपलं, आणि 'पण'चा पुरावाही आपणच द्यायचा. समजलं?"

"अन् पुरावा नाई पटला तं?"

"तर 'हो' तेवढं शिल्लक राहतं."

"तेच राहू द्या," लटारू म्हणाला. "मले फाशी पाहिजे. देवाजी अन् मी एका ताटात जेवलो, साहेब. त्याची माय मलेही वाढे. आता कोणत्या तोंडानं गावात जाऊ?"

असा अशील यादवरावांना कधी भेटला नव्हता. सुटायला उतावीळ माणसं त्यांनी रोज पाहिली होती. हा मात्र दोर मागत होता, आणि तोही इतक्या शांतपणे, की वकिलांना स्वतःच्याच गळ्यापाशी कसंसं झालं. त्यांनी आवाज मऊ केला आणि त्या सकाळची हकिकत विचारली.

"गुणवंतराव भाऊचा निरोप होता, उजाडता उजाडता मूलले ये म्हणून. ते दोन दिवसांपासून तिथीच होते. मी घरची मोहाची फांदी घेतलो, खांद्यावर कुऱ्हाड. मनात भेव होतंच. भाऊच बाजारात सांगत होते, मुखरू धुक्यात ढिगावर येऊन बसते म्हणून. गेलो, तं बसून होता. मी हाक देल्लो. बोलला नाई. पुन्हा देल्लो. मग त्याचं तोंड दिसलं."

"मग ओळखलं नाहीस?"

"कसं ओळखू? काळं होतं. अन् हालत होतं."

"बोलत होता?"

"नाई साहेब." लटारूनं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "ओठ बंद होते. तोंडच हालत होतं."

३

'पण'चा पुरावा आपणच द्यायचा, म्हणजे जागा पाहणं आलं. गुणवंतराव म्हणाले, कशाला त्रास घेता, साक्षीदार मी तयार ठेवतो. पण यादवरावांची हौस दांडगी. भुताची जागा स्वतः पाहून आलेला वकील कोर्टात कसा शोभेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. जंगलात पाऊल टाकताच आपली पाचावर धारण बसते, हे त्यांना चांद्याला आठवलं नाही.

भेंडाळटोल्यात गुणवंतरावांनी त्यांना अंगणातल्या झाडाखाली पाटावर बसवलं, वांग्याची भाजी आणि भात वाढला, वर झाडाचंच रामफळ कापून दिलं.

"आमच्या आजोबानं नागपूरहून रोप आणलं होतं," ते अभिमानानं म्हणाले. "आजूबाजूच्या मुलखात दुसरं झाड नाई. खाऊन पहा."

"ढिगाकडे येता का बरोबर?"

"नको जी. महिना झाला, मी त्या वाटेनं गेलो नाई. मूलले जातो तं सडकेनं बंडीतून जातो. अन् देवाजी गेल्यापासून तिथी कुत्रंही फिरकत नाई."

जेवणानंतर यादवराव देवाजीच्या घरी गेले. त्याची आई शकुबाई दारात बसून धान पाखडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"लटारूचे वकील काय? त्याले सांगा, मह्या पोरानं त्याचं काही बिघडवलं नव्हतं."

"त्यानं भूत समजून मारलं, बाई."

"मंग महा पोरगा तिथी बसला काऊन? आदल्या सांजी निघाला होता तो. गडचिरोलीले जातो म्हणे, जंगलाच्या साहेबापुढं बोलाचं आहे. राखीव जंगलातला सागवान कोणी तरी चोरून नेऊन राह्यला, ते त्यानं पाह्यलं होतं. गडचिरोली एका अंगाले, मुखरूचा ढीग दुसऱ्या अंगाले. अन् ते घोंगडीही त्याची नाई. त्याची ते पहा, दांडीवर आहे."

यादवरावांनी दांडीकडे पाहिलं. घोंगडी होती.

"कोण नेत होतं सागवान?"

"नाव नाई सांगितलं. तुले मालूम झालं तं तुह्या जिवाले धोका, म्हणे." तिनं सूप खाली ठेवलं. "झिंगूले इचारलं, पोलिसाले इचारलं. सारे म्हणतात, मारणारा सापडला, आता काय इचारतेस."

चांद्याहून निघताना यादवरावांच्या डोक्यात एक सरळ खटला होता. तो आता तितका सरळ राहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा रागच आला.

४

ढिगापर्यंत सोबत करायला गावातला एकही माणूस तयार होईना. शेवटी बाबूभाई बांगडीवाले मिळाले. ते मूलच्या बाजाराला तट्टावरून त्याच वाटेनं जात. देवाजीच्या म्हशीनं त्यांच्या बांगड्यांची टोपली तुडवली म्हणून दोघांत कडाक्याचं भांडण झालेलं, आणि त्या सकाळी झिंगूच्या मागोमाग ढिगापाशी पोचणारेही तेच. यादवरावांनी वाटेत त्यांच्याकडे दोनदा संशयानं पाहिलं.

"देखा साहब, समजलं मले," बाबूभाई हसले. "भांडण झालं होतं. दुसऱ्याच दिवशी देवाजीनं टोपली भरून दिली. घ्या, हे फांदी धरा. मह्या घरची आहे, पण तुम्ही आज मह्ये मेहमान."

"तुम्हीसुद्धा टाकता?"

"बापदादापासून हेच वाट आमची. टाकाच लागते."

दिवस अजून वर होता, तरी बांबूच्या दाट रांजीत उजेड हिरवट आणि थकलेला येत होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. ढीग कमरेइतका उंच होता, आणि त्याच्या माथ्यावर, माणूस बसून उठावा तसा, एक खळगा पडला होता. त्यानंतर तिथं एकही नवी फांदी पडलेली नव्हती. यादवरावांना एकाएकी वाटलं की आपण कोणाच्या तरी बैठकीपुढे परवानगीशिवाय उभे आहोत. त्यांनी हातातली फांदी घाईघाईनं कडेला टाकली.

"एक बात मले कोणी इचारली नाई," बाबूभाई खालच्या आवाजात म्हणाले. "कुऱ्हाड मानेत, अन् रगत नाई. बकरं कापलं तं अंगण भरते, साहब. इथी एक पान लाल नव्हतं. अन् मुंगळे. साऱ्या तोंडावर मुंगळे, डोळ्यांत मुंगळे. काळं झालं होतं तोंड. मले देखवलं नाई, मी घोंगडी ओढून देल्ली."

यादवरावांनी बाबूभाईंचा हात धरला. लटारूचा हात गालावरून कसा फिरला होता, ते त्यांना दिसत होतं. ओठ बंद होते. तोंडच हालत होतं.

डोळ्यांत मुंगळे शिरले तर जिवंत माणूस बसून राहत नाही. जिवंत माणसाच्या मानेत कुऱ्हाड बसली तर तो पडतो, आणि त्याचं रक्त वाहतं. हा पडला नव्हता, कारण तो रात्रभराच्या थंडीत बसल्या जागी ताठरला होता. आदल्या संध्याकाळी त्याला कोणी तरी मारलं, इथं आणलं, बसवलं, आणि पहाटे लटारूला या वाटेनं धाडलं. लटारूनं घाव घातला, तर लटारूनं मारलं. घाबरून पळाला, तर मुखरूनं नेलं. दोन्हीकडून मारणारा मोकळा.

यादवराव गुडघ्यांवर बसले आणि भीत भीत त्या खळग्यात वाकून पाहिलं. मोहाच्या, ऐनाच्या, पळसाच्या वाळक्या फांद्या होत्या. सगळ्यांत वर, माणसाच्या वजनानं चेपलेली, अजून पुरती न वाळलेली एक फांदी पडलेली होती. तिची लांबट पानं ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. तिच्याच झाडाखाली बसून त्यांनी दुपारी पोटभर जेवण केलं होतं.

५

आता काय करायचं, या विचारानं यादवरावांची झोप उडाली. फांदी ही फांदी. ती कोणी कधी टाकली, हे कोर्टात कोण सांगणार? आणि त्यांच्या हातात 'हो, पण'चा भरभक्कम बचाव तयार होता. तो घेतला तर लटारू बहुतेक सुटणार. पण मग देवाजीला लटारूनं मारलं हे कागदावर कायमचं ठरणार, आणि गुणवंतरावांना पुन्हा कोणी विचारणार नाही. तेवढ्यासाठीच तर त्यांनी फी मोजली होती. 'नाही' म्हणायला जावं आणि न्यायाधीशांना पटू नये, तर लटारू आधीच घसा फोडून 'हो' म्हणालेला. मग त्याला दोर मिळेल, आणि तो देणारे हात यादवरावांचे असतील.

ते तुरुंगात गेले आणि लटारूला सगळं सांगितलं. लटारूनं एवढंच विचारलं, "म्हंजे मह्या हातानं गेला नाई तो?"

"नाही."

"हे शकुबाईले मालूम झालं पाहिजे. मंग मह्यं काही होवो."

सेशन कोर्टात त्या दिवशी भेंडाळटोला गाव लोटला होता. शकुबाई भिंतीशी बसली होती. आधी डॉक्टरांची साक्ष झाली. यादवरावांनी रक्ताबद्दल विचारलं, तेव्हा डॉक्टर चाचरले. जखमेतून रक्त फारसं गेलं नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं. गळ्याभोवती बारीक काळा वळ होता, तो घोंगडीच्या गाठीचा समजून आपण सोडून दिला, हेही सांगितलं. कबुली आलेली होती, मग अधिक कोण खोदतो? न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडली, पण तेवढ्यावर खुनी बदलत नाही.

मग बचावाचे साक्षीदार म्हणून गुणवंतराव उभे राहिले. यादवरावांनी त्यांना मानानं बोलतं केलं. गावाचा मुखरूच्या भुतावर विश्वास आहे?

"आहे जी. लहानथोर साऱ्यांचा."

"तुमचाही?"

"महाही. खोटं काऊन सांगू?" लटारूचं भय खरं ठरवायचं, तर आपलं भय खरं असलं पाहिजे, हे ते पढून आले होते. "घरची फांदी टाकल्याबिगर तिथून कोणी येत नाई. आला तं मुखरू मागं येते. घरात येऊन बसते. दोन माणसं तशी गेलेली मी डोळ्यानं पाह्यलो."

"बरोबर. माझ्या अशिलाची चूक झाली, असं मी सांगणार होतो," यादवराव न्यायाधीशांकडे वळले. "पण महाराज, त्याची चूक झालीच नाही. ढिगावर मेलेला माणूस बसलाय असं त्याला वाटलं. आणि तो मेलेलाच होता."

यादवराव साक्षीदाराच्या अगदी जवळ गेले. पुढचा प्रश्न फसला असता, तर दुसरा त्यांच्यापाशी नव्हता.

"गुणवंतराव, आदल्या रात्री देवाजीला तिथं बसवणारा माणूस घाईत होता. हातात प्रेत, मनात धास्ती. मी ढीग पाहून आलो आहे. मला वाटतं, तो फांदी न टाकताच परतला. म्हणजे तुमच्याच हिशेबानं मुखरू त्याच्या मागोमाग घरी आला. आज तो त्याच्या घरात बसलाय. त्याच्या अंथरुणाशी, त्याच्या नातवंडांपाशी. खरं ना?"

सारं गाव गुणवंतरावांकडे पाहत होतं, आणि मागच्या बाकावरून त्यांची सून लेकराला छातीशी धरून उठली.

"नाई," ते म्हणाले.

"कोण टाकणार फांदी, अशा वेळी? विसरलाच असेल."

"नाई विसरलो." आवाज फाटला. "टाकलो होतो. घरून घेऊन गेलो होतो मी. आधी फांदी टाकलो, मंगच त्याले बसवलो. पोरी, बस खाली, टाकलो होतो मी."

आपण काय बोललो हे त्यांना सर्वांत शेवटी कळलं. माणूस मारताना जो कचरला नाही, त्याला फांदी टाकायचं भान होतं, आणि ती टाकली नाही असं लेकराबाळांपुढे म्हटलेलं त्याला सोसलं नाही. चोरीचा सागवान त्यांचाच होता; मूलहून ते संध्याकाळी गुपचूप आले होते, आणि जंगलाच्या साहेबाकडे निघालेल्या देवाजीला वाटेत गाठून त्यांनी दोरीनं त्याचा गळा आवळला होता. ही बाकीची हकिकत त्यांनी कठड्याला धरून, खाली बसून सांगितली.

६

लटारू सुटला. यादवराव त्याला गावी पोचवायला बरोबर गेले, कारण तो एकटा घरी जाईल याची त्यांना खात्री वाटेना. बंडीत तो सारा वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

"कायद्यानं तू निर्दोष आहेस," यादवरावांनी पुन्हा सांगितलं.

"घाव तं मीच घातलो ना, साहेब. मह्याच दोस्ताच्या मानेत."

याला कलम नव्हतं. स्वतःच्या विद्येची यादवरावांना त्या वाटेवर जरा लाज वाटली.

गावात शिरल्यावर लटारू आपल्या घराकडे वळला नाही. शकुबाईच्या दारापुढे येऊन तो उभा राहिला. आत चूल पेटली होती. शकुबाई बाहेर आली.

"मेल्यावर त्याले दुखलं नसन," ती म्हणाली. "डॉक्टरले इचारलं मी."

लटारूचे खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता. शकुबाईनं त्याला रडू दिलं, जवळ गेली नाही. मग आत जाऊन तिनं ताट आणलं. भात होता, वर वरण.

लटारू ओसरीवर चढला आणि नकळत दाराजवळच्या कोपऱ्यात बसू लागला.

"तिथी नको," शकुबाई म्हणाली. "ते देवाजीची जागा."

तो चटकन उठला आणि पायरी उतरून जायला निघाला. तिनं त्याचा हात धरला, आणि समोरच्या भिंतीशी, तो लहानपणापासून जिथं बसायचा तिथं, ताट टेकवलं.

"तुही जागा हे," ती म्हणाली. "बस. जेव."